बाईंच्या फोनवरची हलगी

मी कधी बोलत नाही म्हणता ना, मग परवाचं ऐका. दुसऱ्या दिवशी शाळेच्या लेझीमची स्पर्धा होती आणि मैदानावर सरावाला बाईंच्या नव्या फोनवर आमची हलगी वाजेना. आमच्यातल्या शबानाच्या भावानं हलगीचे ठेके वाजवणारं ॲप खास आमच्यासाठी बनवलंय. ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. त्याची फाईल दुसऱ्या एका ॲपनं फोनवर चढवावी लागते. आणि ते चढवायचं जुनं ॲप नव्या फोनवर उघडतच नव्हतं.

"बाई, दुसरं घ्या की," शबाना म्हणाली. "ह्ये बघा, कसलं भारी दिसतंय."

बाईंनी प्ले स्टोअरवरनं ते घेतलं आणि भराभर 'परवानगी द्या' दाबत सुटल्या. मी मागून वाचत होते.

"बाई, थांबा."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. माझे कान तापले.

"हे तुमचे मेसेज मागतंय, सगळ्यांचे नंबर मागतंय. पावण्यानं चहा मागावा, कपाटाची किल्ली कशाला?"

"मग कुठलं घेऊ? आता बोललीयस तर पुरतं बोल की."

मी प्ले स्टोअरच्या यादीतलं खालचं, दिसायला अगदी साधं ॲप दाखवलं. त्यानं फक्त फाईल चढवायची परवानगी मागितली. फाईल चढली, बाईंनी बटण दाबलं आणि मैदानावर हलगी कडाडली. आमच्या लेझमी आपोआप उठल्या.

बाई म्हणाल्या, "वर्षभर हिला 'बोल की, बोल की' म्हणून माझा घसा बसला. आणि पोरगी तोंड उघडती ती मलाच थांबवायला. उद्या मैदानावर हुकूम हीच देणार."

दिले की. पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.