आदर्श सुनेची माहिती

न्हाई न्हाई, ते 'हसतमुखाने सेवा करतात' तेवढं खोडा, शीतलताई. बाकी लिवा काय लिवायचं ते. सेवा करते, बराबर आहे — तीन वर्षं झाली करून राह्यले — पन हसतमुखाने हे कोण म्हनलं? महिला मंडळात ठरलं? मंडळातल्या किती जणी आल्त्या माझं तोंड पाहायला? बरं, रागावू नका, खुर्ची घ्या. सप्त्यात काल्याच्या दिवशी स्टेजवर 'आदर्श सून' म्हनून सत्कार, नारळ, साडी — चांगलं आहे. मागच्या साली सोमेश्वरच्या बायकोला दिल्ता. तिनं साडी घेतली अन् महिनाभरात लेकरं घेऊन पुण्याला गेली, सासू इथंच. तिचा फोटो अजून मंदिराच्या भिंतीवर आहे. हुशार बाई.

हं, विचारा. नाव शालू बद्रीनाथ. शिक्षण आठवी. छंद? कागदावर छंदाचा रकाना आहे व्हय? मंग लिवा — झोप. लई आवडते, पन सवड मिळत न्हाई. दिनक्रम? सकाळी आत्याचं अंग पुसायचं, डायपर, गोळ्या, साखर तपासायची. हो, सासूबाईला मी आत्या म्हनते, सुगंधाबाई नाव त्यांचं. पहाटं अंगनात पडल्या, उजवी बाजू गेली अन् वाचा गेली. तवापासून दर दोन तासाला कूस बदलायची. पाठीला एक फोड न्हाई बघा, जालन्याचा डॉक्टरसुद्धा म्हनला, बाई, दवाखान्यात एवढं होत न्हाई. अन् मंग मला म्हनला, तुमी स्वतःची काळजी घ्या, रोज अर्धा तास फिरा. मी म्हनलं फिरतेच की, बाजेभवती. हसला बिचारा. फी घेतली.

आमचे हे? हे जालन्याला कारखान्यात, शनिवारी येतेत. आल्या-आल्या आईजवळ बसतेत, डोळ्यात पानी आनतेत, मोबाइलवर फोटो काढतेत, 'आई हाच देव' असं टाकतेत. त्या फोटोत मागं मी धुणं वाळू घालत होते तर मला कापून टाकलं. मी म्हनलं काहून कापलं? म्हने, पदर बराबर नव्हता. एकशे बारा जणांनी अंगठे दिले. एकानं लिवलं, असा लेक सगळ्याला मिळो. मी पन अंगठा दिला, घरच्यानं द्यायला नको? अन् नणंदबाई परतूरहून फोन करतेत, फोनवर आईचं तोंड पाहून दहा मिनिटं रडतेत, मंग मला म्हनतेत, वहिनी, आईचे केस का कापले, केवढे लांब होते. घ्या म्हनलं पंधरा दिवस आईला तुमच्याकडं, वाढवा केस. तवा त्यांच्या जिन्याची अडचन निघाली.

अन् पाहायला येनारे तर — ते लिवता का? लिवा. आजारी मानसाला रित्या हातानं पाहायला यायचं न्हाई, म्हनून जो येतो तो बिस्किटचा पुडा घेऊन येतो. आत्याला साखर. सगळ्या गावाला ठाऊक, पन पुडा पाहिजेच. चहा मी करायचा, बिस्किट म्हशीनं खायचं. म्हशीची साखर तपासायची पाळी आली आता. अन् बसले का एकेकाचं सुरू होतं — कोणी म्हनतं अमुक तेल लावा, कोणी म्हनतं कबुतर पाळा घरात, त्याच्या वाऱ्यानं लकवा जातो. मी म्हनते, आनून द्या कबुतर, त्याचं पन मीच करीन, त्यात काय. पुन्यवान आहेस गं शालू, असं म्हनून जातेत. कोणी म्हनलं न्हाई, शालू, तू पड घडीभर, मी बसते.

काय म्हनल्या? आत्याला पन स्टेजवर आनायचं? दोघींचा फोटो पाहिजे महाराजांसंगं. अच्छा. म्हनजे सकाळी लौकर त्यांना न्हाऊ घालायचं, नवी साडी नेसवायची, चार मानसं लावून खुर्ची मंडपात न्यायची, कीर्तन संपेपर्यंत मान धरून बसायचं — माझा सत्कार आहे म्हनून मलाच जादा काम. नीट ठरवलं मंडळानं. न्हाई, हसून राह्यले मी. घ्या, आता लिवा हसतमुख.

काय पाहून राह्यल्या तिकडं? ते आत्याच्या मनगटावरचं निळं? बाजेचं लागलं. कातडी लई पातळ झालीय त्यांची, नुसतं धरलं तरी निळं पडतं. म्हनजे मी धरल्तं. सोमवारी. आत्याचा डावा हात चालतो ना, त्या हातानं चमचा लोटला. पातळ खिचडी, माझ्या अंगावर, त्यांच्या अंगावर, आत्ताच बदललेल्या चादरीवर — तिसऱ्यांदा. मी हात धरला अन् दाबला. जोरात दाबला. अन् गालावर एक दिली. एक न्हाई. दोन दिल्या.

रडल्या न्हाईत त्या. मी रडले. त्यांनी काय केलं ते सांगते — डोळे मिटले अन् तोंड उघडलं. घास घ्यायला. तीन वर्षं मी त्यांना विनवून-विनवून जेवू घालते, एका वाटीला पाऊन तास, अन् त्या दिवसापासून वाटी दिसली का तोंड उघडतेत. दहा मिनिटात जेवन. अन् खरं सांगू का ताई — मला बरं वाटलं. पहिल्या दिवशी वाटलं, चला, जल्दी उरकलं, अर्धा तास पाठ टेकते. टेकली अन् मंग उठून बसले, म्हनलं शालू, हे तुला सोपं वाटून राह्यलं. तवापासून मला आत्याची न्हाई, माझीच भीती वाटते. परवा एकदाच पुन्हा त्यांनी तोंड फिरवलं तर मी हात मागं नेल्ता. मागंच राहिला त्या टायमाला. दर टायमाला राहील याचा काय भरवसा?

लिवा ना, पेन काहून थांबला? नका लिवू, बरं. पन मी काय म्हनते — ती साडी ठेवा तुमी. नारळ पन ठेवा. मला बुधवारी दोन तास एक बाई द्या. मंडळात बावीस जणी आहात, एकीची पाळी पाच महिन्यानं येईल. काही करायचं न्हाई, नुसतं बाजेजवळ बसायचं, मी आतल्या खोलीत झोपते. बुधवार जाऊ द्या, आज बसता का? आत्ता? एक तास?

सप्त्याच्या पत्रिका वाटायच्या राहिल्या. हो, ते पन आहेच. पुढच्या मिटिंगमधे विषय मांडता? मांडा की. आत्यांच्या गालाचं मात्र मिटिंगमधे मांडू नका — का मांडा, तवा तरी कोणी पाहायला येईल. न्हाई, कोणाला सांगायच्या न्हाईत तुमी, ठाऊक आहे मला. तुमी दुसरीचं नाव शोधाल, बस. शोधा. मिळंल एखादी हसतमुख.

निघा मंग. बाहेरची कडी लावू नका, ताई. दार सताड उघडं राहू द्या. रस्त्यावरून मानसं येता-जाता आत पाहतेत ना, तवा मी नीट वागते.