बाहीतली पंधरा अक्षरं

नर्स : कानाची विजेची क्लिप काढली, काका. आता यादीतले शब्द सांगायचे. पण आधी ती डावी बाही उलगडा.

शिंपी : असू द्या, सिस्टर. उकडतंय.

नर्स : एकाच हाताला?

बायको : अहो, उलगडा ना. सिस्टर सांगतायत तर... हे काय? खडूनं काय लिहिलंय आत?

नर्स : मघाशी मी वाचलेल्या शब्दांची पहिली अक्षरं. पंधराच्या पंधरा.

शिंपी : तुम्ही पलीकडच्या खोलीत गेलात. कागद टेबलावरच होता.

बायको : मागच्या दोन्ही वेळी पण?

शिंपी : हो.

बायको : आणि मी गल्लीभर सांगत सुटले. दुकानात येईल त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात हे कात्री धरतील. आता तोंड कुठे दाखवू?

शिंपी : अगं, तुझ्यासाठीच...

बायको : माझ्यावर ढकलू नका.

शिंपी : बरं, माझ्यासाठी. पहिल्या दिवशी मला तीन शब्द आठवले. डॉक्टर म्हणाले, ही मंद वीज सगळ्यांना लागू पडतेच असं नाही, सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबवू. मी घाबरलो.

नर्स : कशाला?

शिंपी : दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून काढलीत, सिस्टर. त्याआधी गिऱ्हाइकाची छाती मोजायचो, आणि टेप कंबरेला जाईस्तोवर छातीचं माप गेलेलं असायचं. एकाच्या सदऱ्याला दोन लांबीच्या बाह्या लावल्या, तेव्हा कात्री टांगली. इथे कानाला मुंग्या येतात ना, त्या दिवशी संध्याकाळी उठून बसावंसं वाटतं. तेवढंच. पण तेवढं मला हवंय.

नर्स : ही फाईल बघा. डॉक्टरांनी सकाळीच लिहून ठेवलंय, स्मरणशक्ती पूर्ववत, उपचार आज संपवावा.

शिंपी : संपवावा?

नर्स : दोनदा पंधरापैकी पंधरा. बऱ्या माणसाला वीज कोण कशाला देईल?

बायको : घ्या. आपल्याच पायावर कात्री चालवलीत.

शिंपी : मग आता?

नर्स : डॉक्टरांना सांगावं लागेल. मी सांगू की तुम्ही?

शिंपी : मीच सांगतो. रागावतील?

नर्स : रागावतील. कागद टेबलावर सोडला म्हणून मलाही. पण आधी खरा आकडा हवा. नवी यादी वाचते. दोन्ही बाह्या खाली, आणि हात मांडीवर.

(अर्ध्या तासानंतर, त्याच खोलीत.)

नर्स : हं, सांगा.

शिंपी : शिडी. मीठ. घोडा. मग... थांबा. खिडकी. चमचा.

बायको : आणखी एक...

नर्स : काकू, तुम्ही नाही.

शिंपी : ढग. संपलं. सहाच.

बायको : सहा म्हणजे कमीच की हो.

नर्स : कमीच. पण तिनाचे सहा झालेत, आणि ते त्यांचे आहेत. ठरवायचं डॉक्टरांनी, पण मी तरी म्हणेन, चालू ठेवा. घरी काही फरक दिसतो का, काकू?

बायको : घरी कसला? दुकानात मात्र परवा एक गृहस्थ कोट शिवायला आले, चार वर्षांनी. मी टेप लावतेय, तर आवाज ऐकून हे आतल्या खोलीतून म्हणाले, त्यांचा डावा खांदा उतरता आहे, तिथे कापूस जास्त लागेल. बघितलं तर खरंच उतरता.

नर्स : मापांच्या वहीत लिहिलेलं असेल.

बायको : वही मी आत्ता आत्ता सुरू केली. आधी सगळं यांच्या डोक्यातच असायचं.

नर्स : मग हे मला आल्या आल्या का नाही सांगितलंत?

बायको : मला काय ठाऊक, तुम्ही खांदेही मोजता ते.

नर्स : मोजते. हे बघा, लिहिलं.

शिंपी : त्यांचं नाव मात्र मला आठवलं नाही, सिस्टर. तेही लिहा.

बायको : नाव तर मलाही नाही आठवलं. मी आपलं 'या, बसा' म्हटलं.