गुलाब थांबते ती जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माननीय बब्रुवानजी, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका चंद्रप्रभाबाई, आणि टँकरची पाळी सोडून इथं आलेल्या तमाम तेरकर बंधू-भगिनींनो,

मी मच्छिंद्र. आपल्या गायन पार्टीची पेटी माझ्याकडं असते. माझी पुतणी गुलाब, परकरात होती तेव्हापासून माझ्यामागं बसून झील धरते. ती उद्या मुंबईला निघाली, स्वतःच्या नावावर गायला. ‘कोरड्या तेरणेत भिजले पाय’ हे तिचं एकटीचं पहिलं गाणं. प्रेमाचं आहे आणि नाचायचंही आहे. भूमच्या बाजारात कॅसेट लागली की म्हातारे पटका सावरत ठेका धरतात, आणि डोळेही पुसतात. आता रडावं की नाचावं, तुम्हीच सांगा.

पार्टीची रीत आपण जाणताच. पुढच्यानं ओळ म्हणायची, तिचा शेवट मागच्यांनी उचलायचा. तीच झील. पार्टीच्या कॅसेटसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो, तिथं संगीतकारांनी गुलाबला एकटीला माईकपुढं उभं केलं. तिनं याच गाण्याचा मुखडा म्हटला आणि पार्टीच्या रीतीनं झीलेसाठी थांबली. मागं कोण होतं? नुसता ड्रम वाजत राहिला. पोर घाबरली, “चुकलं जी, पुन्हा म्हणते.” ते म्हणाले, “राहू दे. ही जागा अशीच ठेवू.” आज त्या जागेवर अख्खा बाजार ओळ पुरी करतो.

मग कॅसेट कंपनीचं बोलावणं आलं. पण मथुरावहिनींचं, म्हणजे तिच्या आईचं, एकच. “भीमगीतं म्हणणारी पोरगी नाचायची गाणी म्हणती व्हय? म्या न्हाय जाऊ देणार.” आईचा शब्द मोडून गुलाब जाणार नव्हती. मी समजावून थकलो. आमच्या वहिनी हट्टाला लई पक्क्या, समोरच बसल्यात, रागावल्या तरी चालेल.

परवा टँकरवाल्यानं तीच कॅसेट लावली. वहिनी रांगेत होत्या. गुलाब थांबली, आणि बाकीच्या बायका तोंड उघडायच्या आत वहिनींनी झील दिली. अगदी सुरात. रिकामी घागर घेऊनच घरी आल्या आणि लेकीला म्हणाल्या, “मुंबईची गाडी किती वाजता हाय?”

मंडळी, मला अभिमान वाटतो तो या दोघींचा.

आपण सर्वांनी जमून तिला निरोप दिलात, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर घरचा माणूस समजून सांभाळून घ्या. आता गुलाब गाईल. ती थांबेल तिथं मी पेटी बंद ठेवणार आहे. पहिली झील वहिनींची. मग कुणी गप्प बसू नये.

जय भीम.