मणी काळाच राहिला

तुरेना : परत लावून बघा मणी, परीक्षकबाबा. लाजू नका. तीनदा लावलात, चौथ्यांदा लावा.

ईस्कल : चौथ्यांदाही काळाच आहे, तुरेनाबाई. तुमच्या या गाठींत ओज नाही. तसूभरही नाही.

तुरेना : मी कधी म्हटलं, आहे म्हणून?

ईस्कल : मग या चंद्रावरचे सगळे खलाशी तुमच्या दारात का येतात? भिंतीवर एकतीस गाठी आहेत. बाहेर गेलेल्या एकेका गलबताची एकेक. गाठ टिकली तोवर गलबत धुळीच्या पट्ट्यात फुटत नाही, हे तुम्हीच सांगता ना?

तुरेना : सांगते. आणि गलबत आपल्या घरच्या धक्क्याला टेकलं की गाठ आपली आपण सुटते. माझी आई बांधायची, तिची आई बांधायची. तुमचा मठ तेव्हा इकडे यायचा होता.

ईस्कल : विश्वात जे अद्भुत घडतं ते ओजामुळेच. वेगळी जादू नसते. ओज असेल तर मणी निळा होतो.

तुरेना : हे ठरवलं कुणी? मण्यानं?

ईस्कल : मठानं.

तुरेना : तराजू घेऊन वास मोजायला निघालात. पारडं हललं नाही, तर म्हणे वासच नाही.

ईस्कल : वाद नको. दोन कागद आणलेत. पहिल्यावर अंगठा दिलात, तर या गाठी मठाच्या ओजानं चालतात आणि तुम्ही मठाच्या सेविका. गाठी राहतील. दुसऱ्यावर दिलात, तर ही फसवणूक. मग सगळ्या इथेच कापायच्या.

तुरेना : मणी काळा असताना पहिला कागद? स्वतःच्या मण्याला खोटं पाडताय की.

ईस्कल : तुमच्यासाठी. तुमची मुलगी बाहेर आहे म्हणे.

तुरेना : आहे. दारापासून तिसरी, लाल दोऱ्याची. दहा दिवसांत येणार होती, आज सतरावा. झोप नाही मला. पण आईच्या हातचं ते मठाचं, असं लिहून देणार नाही. आणि फसवणूक तर नाहीच नाही.

ईस्कल : दोन्हींवर नकार म्हणजे कात्री. माझा नाइलाज आहे.

तुरेना : चालवा. त्या टोकापासून सुरू करा, काळ्या गाठीपासून.

ईस्कल : ही कुणाची?

तुरेना : तुमचा तांडेल सांगेल. आल्यापासून दारात तोंड शिवून उभा आहे.

बोदार : आपली आहे, साहेब. आपल्या गलबताची. निघताना बाईंना निरोप धाडला होता मी.

ईस्कल : मठाच्या गलबताला गाठ बांधायची नाही, हा हुकूम माहीत नाही तुला? वीस वर्षं मठाचं मीठ खातोस, बोदार.

बोदार : माहीत आहे. पण पट्टा मला ओलांडायचा असतो, हुकूम काढणाऱ्याला नाही. उद्या परत तोच पट्टा आहे. ती गाठ कापलीत तर मी सुकाणूला हात लावणार नाही. नोकरी गेली तर गेली. न्या एकटे. मणी आहेच तुमच्याकडे.

तुरेना : कापा की, परीक्षकबाबा. नुसता दोरा तर आहे.

ईस्कल : बोलू नका जरा.

तुरेना : कात्री नुसती उघडी धरून उभे आहात. खाली ठेवा ती. बसा, शेवाळाची पेज निवतेय. तांडेल, त्यांना वाटी द्या.

ईस्कल : बिनअंगठ्याचे कागद घेऊन परत गेलो तर मला काय विचारतील, कल्पना आहे?

तुरेना : सांगा की खरं. मणी निळा झाला नाही, आणि तुमच्यानं कापवलं नाही. दोन्ही लिहा.

बोदार : घ्या साहेब, गरम आहे.

ईस्कल : तुरेनाबाई.

तुरेना : आता काय?

ईस्कल : ती तिसरी गाठ. लाल. सुटलीय. मी तिला हात लावलेला नाही.

तुरेना : पाहिलं मी. तांडेल, आणखी एक वाटी काढा.