चहा टाकते

मध्यंतर झालं की आमच्या लीड्सच्या नाट्यगृहात बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग थेट जिन्यापर्यंत येते. माझ्या मागे दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी उभ्या होत्या.

“हसून हसून पोट दुखलं गं, ग्लेनिस! लेक ढसाढसा रडतेय आणि ती आई म्हणते, ‘चहा टाकते.’”

“हं.”

“नवरा गेल्याचा फोन येतो, तरी ‘चहा टाकते’! तुझी हेदर लिहिते मात्र झकास. सुचतं कुठून तिला?”

“घरातूनच.”

“म्हणजे ती आई... अगं बाई! आणि मी मेली खिदळत बसले! चल, घरीच जाऊ. पुढच्या अंकात ती मरते म्हणे.”

“म्हणून तर थांबायचंय. मी गेल्यावर पोरगी काय म्हणेल, ते एरवी मला कुठून कळणार?”