बुजवलेल्या नाल्या

सन्माननीय अध्यक्ष सरपंच माणिकराव, माझ्या जागी आलेले ओव्हरसिअर अमरसिंगजी, शाळेचे गुरुजी, मायबहिणी आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली समस्त मंडळी,

शाल, श्रीफळ आणि एवढा मोठा हार! निरोपाचा हा माझा तिसरा हार. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही जीप करून अकोल्याला गेलात आणि माझी बदली रद्द करून आणलीत. "रस्ता टिकवणारा माणूस आमी सोडत नसतो," म्हणालात. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंही वाटलं.

पण मी असं काय मोठं केलं? आपली काळी माती पाणी प्यायली की तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते, आणि उन्हाळ्यात वासराचा पाय जाईल एवढी फाटते. म्हणून शेलूबाजारच्या रस्त्याखाली मुरूम दाबला आणि पाणी थांबू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खोल नाल्या काढल्या. बैलगाडी शेतात न्यायला कुणी नाली बुजवली की मी भांडायचो. केशरबाईंनी तर तोंडावर विचारलं होतं, "बायकोसंग भांड ना बापा, आमच्या नालीसंग काहून भांडून राह्यला?"

यंदाची बदली मात्र मीच मागून घेतली. अमरावतीला माझी म्हातारी आई आहे. तिचे दोन्ही डोळे गेलेत. दारात कुणाचंही पाऊल वाजलं की विचारते, "देवमन आला काय?" हे मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं. तुम्ही माना डोलावल्या, अकोल्यालाही कुणी गेलं नाही. मला वाटलं, सुटलो.

आज सकाळी अमरसिंगजींना चार्ज द्यायला रस्त्यावर नेलं, तर काय? आठवडाभराच्या झडीचं पाणी दोन्ही कडांना तुंबलेलं, खालची माती फुगून डांबर वर आलेलं, आणि नाल्या मातीनं गच्च बुजवलेल्या. आपले ग्यानबा तिथंच शेतात उभे होते. विचारलं, हे कुणी केलं? तर हसून म्हणतात, "आमीच. समद्यायनं मिळून. रस्ता फुगला म्हंजे नवा साहेब चार्ज घेत नाही, अन् तुमाले जाता येत नाही."

अमरसिंगजींनी चार्ज नाकारला. त्यांचं काही चुकलं नाही. असला रस्ता मीही घेतला नसता. आता दुरुस्ती होईपर्यंत माझा मुक्काम इथंच. रस्ता चांगला राहिला की तुम्ही सोडत नाही, बिघडला की खातं सोडत नाही. मग माणसानं जावं तरी कधी? हसू नका हो. मला राग आला आहे, आणि ज्यांचा राग आला तेच माझ्या गळ्यात हार घालताहेत. मी ओरडू तरी कुणावर?

असो. उद्यापासून नाल्या उपसायला घेतो. तुम्ही माया केलीत, सत्कार केलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर घरचा माणूस समजून सांभाळून घ्या. फक्त एक विनंती आहे. ग्यानबा, उद्याच्या एसटीनं माझ्याऐवजी तुम्ही अमरावतीला जा. माझ्या आईजवळ बसा, आणि तुमच्याच तोंडानं तिला सांगा, "माय, तुह्या पोरावर आमचा लय जीव हाय, म्हणून आमी त्याले तुह्याकडे येऊ नाही देल्लं."