चौतिसाच्या पुढचा आकडा

स्पर्धा परीक्षांच्या क्लासची फी ऐकून मला आमचे आबाच आठवतात बघा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी बारामतीत बँकेची परीक्षा, आणि मी निमगाव केतकीत ओट्यावर बसून एकाच अंकमालिकेवर तासभर अडकलेलो. आबा म्हणजे माझे आजोबा. जन्मभर मेंढरं राखली, शाळा कधी बघितली नाही. म्हणाले, "काय अडलंय? मोठ्यानं वाच की."

"पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस. पुढं काय?"

"कळप वाढतोय की रं! चौतिसातली तेरा ह्या सालची कोकरं, ती अजून ल्हान. गेल्या सालच्या एकवीस हायत, त्या वितील. एकीला एक धर. पुढल्या साली दोन इसा पंधरा."

दोन वीस आणि पंधरा. मी पुस्तकाचं मागचं पान उघडलं. उत्तर पंचावन्न! पायच धरले त्यांचे.

आबांचं लक्षच नव्हतं. ते पुस्तकाकडं बघत होते.

"पर एवढ्या सालांत एक बी मेंढरू मेलं न्हाय," ते हळूच म्हणाले. "कुणाचा कळप रं ह्यो?"